दीक्षाभूमी वाचायची कशी?

बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलं आहे. तारीख आणि गाव बरोबर लिहिलं की गुण मिळतात. पण त्यावर काही साधे प्रश्न विचारून बघा. हाच दिवस का? नागपूरच का? धर्म सोडण्याची घोषणा येवल्यात १९३५ साली झाली, मग मध्ये २१ वर्षं का गेली? आणि बौद्धच का?

मी नागपूरकर. इथे या प्रश्नांची उत्तरं बहुतेकदा राजकारणाच्या भाषेत मिळतात. कोण कुणाच्या विरोधात होतं, कुणी कुणाला शह दिला, वगैरे. ही उत्तरं खोटी नसतात, पण अपुरी असतात. त्या दिवशी मैदान भरलेल्या माणसांनी आपला निर्णय धर्माच्या भाषेत सांगितला होता. ती भाषा येत नसेल तर हा इतिहास आपल्याला अर्धाच ऐकू येतो. म्हणून माझं म्हणणं असं, की तुम्ही आस्तिक असा की नास्तिक, इतिहास कळायला जगातल्या धर्मांची ओळख हवीच.

तारखेपासून सुरुवात करू. श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड इथल्या थेरवादी परंपरेत बुद्धाचं महापरिनिर्वाण इसवी सनापूर्वी ५४४ साली झालं असं मानतात. त्या हिशोबाने १९५६ हे २५०० वं वर्ष. आशियाभर ते साजरं होत होतं, भारत सरकारनेही त्या वर्षी बुद्धजयंतीचा मोठा सोहळा केला. म्हणजे नागपूरचा कार्यक्रम एका गावापुरता किंवा एका पक्षापुरता नव्हता. आशियातले कोट्यवधी बौद्ध जे वर्ष मोजत होते, त्याच वर्षात तो मुद्दाम बसवलेला होता.

दिवस होता दसऱ्याचा. सम्राट अशोकाने याच दिवशी धम्म स्वीकारला असं परंपरा मानते, म्हणून 'अशोक विजयादशमी'. महाराष्ट्रात दसरा म्हणजे सीमोल्लंघन, गावाची वेस ओलांडायची. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर राहावं लागलं, त्यांनी नेमक्या त्या दिवशी कोणती वेस ओलांडली, हे वेगळं सांगायला नको. आजही काही पत्रिकांवर 'धम्मचक्र अनुप्रवर्तन' असा शब्द दिसतो. त्यातल्या 'अनु'ला अर्थ आहे. धम्मचक्राचं पहिलं प्रवर्तन सारनाथला झालं, बुद्धाच्या पहिल्या प्रवचनाने. नागपूरचं त्यामागून आलेलं.

आता गाव. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापनाही नागपुरात, १९२५ च्या दसऱ्याची. त्यामुळे बाबासाहेबांनी संघाला उत्तर म्हणून नागपूर निवडलं, असं तेव्हाही बोललं गेलं. १५ ऑक्टोबरच्या भाषणात त्यांनी स्वतःच हे नाकारलं. बुद्धाचा धम्म पसरवणारे नाग लोक इथले, नाग नदी इथली, असं कारण त्यांनी दिलं. या नागकथेवर इतिहासकार वाद घालू शकतात. पण बोलणारा माणूस आपल्या लोकांना एक जुनं कूळ परत देत होता, हे समजल्याशिवाय ते भाषण कळत नाही.

मधली २१ वर्षंही रिकामी नव्हती. इस्लाम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध असे पर्याय त्यांनी तपासले. जून १९३६ मध्ये नागपूरचे हिंदू महासभेचे नेते डॉ. मुंजे मुंबईत त्यांना भेटले आणि शीख धर्माच्या पर्यायावर चर्चा झाली. ख्रिस्ती झाल्यावरही जात पाठ सोडत नाही, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे. पुढे १९५० च्या एका लेखात त्यांनी धर्माच्या कसोट्या मांडल्या. धर्म बुद्धीला पटावा, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता त्याला मान्य असावी, आणि त्याने गरिबीचं उदात्तीकरण करू नये. धर्मांचा तौलनिक अभ्यास म्हणतात तो हाच, फक्त इथे तो परीक्षेसाठी नव्हता. त्याच्या निकालावर लाखो कुटुंबांचं आयुष्य ठरणार होतं.

घराजवळचा एक पर्यायही होता, चोखोबांचा. नागपूरचे किसन फागूजी बनसोडे यांनी या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या सुरुवातीला चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली, वृत्तपत्रं चालवली. धर्म न सोडता भक्तिपरंपरेतूनच मान मिळवावा, अशी त्यांची वाट. बाबासाहेबांनाही चोखोबांबद्दल आदर होता. १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरचं पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांना अर्पण केलं. पण चोखोबांची समाधी पंढरपूरच्या देवळात नाही, महाद्वारासमोर पायरीपाशी आहे. वारकरी परंपरेने काय दिलं आणि कुठे थांबवलं, हे माहीत असलेल्यालाच ही वाट का सोडली गेली ते कळतं.

मग बावीस प्रतिज्ञा. त्या दिवशी आधी बाबासाहेब आणि माईसाहेबांना दीक्षा दिली ती भदंत चंद्रमणी यांनी. ते मूळचे ब्रह्मदेशातले, कुशीनगरला राहणारे. त्यांनी त्रिशरण आणि पंचशील दिलं. थेरवादी देशांत गृहस्थाला एवढं पुरतं. त्यानंतर बाबासाहेबांनी स्वतः लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या त्यांनी नव्याने तयार केलेल्या. पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची.

यात विशेष काय, हे बाकीचं बौद्ध जग पाहिल्यावर लक्षात येतं. श्रीलंकेत बौद्ध विहारांच्या आवारात विष्णूचं देऊळ असतं, कारण तिथे विष्णू हा बुद्धशासनाचा रक्षक. बँकॉकमध्ये तर १९५६ च्याच नोव्हेंबरमध्ये ब्रह्मदेवाचं प्रसिद्ध देवस्थान उभं राहिलं. बौद्ध थाई माणसं आजही तिथे हार वाहतात. धर्म एक आणि वर्ष एक असूनही नागपूरने त्याच ब्रह्मदेवाकडे पाठ फिरवली. कारण इथे त्याच्या पायापासून शूद्र जन्मले असं सांगितलं गेलं होतं आणि त्याच व्यवस्थेत माणसाची सावलीही विटाळ ठरली होती.

पाचवी प्रतिज्ञा म्हणते की बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही. ही कुठून आली? आपल्याकडच्या जुन्या पंचांगांतली दशावताराची चित्रं बघा. नवव्या अवताराच्या जागी, बुद्ध म्हणून, चक्क कमरेवर हात ठेवलेला विठ्ठल दिसेल. बुद्धाला अवतार करून त्याचं वेगळेपण संपवायचं नाही, एवढंच ती प्रतिज्ञा सांगते. दशावतार माहीत नसलेल्याला तिच्यात नुसता राग दिसेल.

असंच त्यांच्या शेवटच्या ग्रंथाचं, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं. तो त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि घर सोडलं, ही कथा जपानपासून श्रीलंकेपर्यंत मुलं ऐकतात. बाबासाहेबांना ती पटत नाही. त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, बहुमत विरुद्ध जातं आणि तो देश सोडतो. गोव्याचे पंडित धर्मानंद कोसंबी यांनी हा धागा आधीच पुढे आणला होता. मूळ कथा ठाऊक असेल तरच हा बदल डोळ्यांत भरतो. आणि पाण्याचा तंटा म्हटल्यावर मला १९२७ चं महाड आठवतं, चवदार तळ्याचं.

आता सगळ्यांत खटकणारा मुद्दा. धर्मांतर सवलतींसाठी होतं, असं समाजमाध्यमांवर आजही बेधडक लिहिलं जातं. नियम काय होता ते पाहा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार, मोजके अपवाद सोडले तर, अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरताच होता. १९५६ साली त्यात शीख आले. बौद्ध आले ते १९९० साली. म्हणजे दीक्षा घेतलेल्या माणसाने स्वतःची नोंद 'बौद्ध' अशी केली, तर केंद्राच्या सवलती हातच्या जाणार होत्या. महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राचं दार चौतीस वर्षं बंद राहिलं. तरीही १९५१ च्या जनगणनेत देशात सुमारे १ लाख ८० हजार असलेले बौद्ध १९६१ मध्ये ३२ लाखांवर गेले. यातले बहुतेक महाराष्ट्रातले. फायद्याचं गणित इथे जुळत नाही. लोक तोटा पत्करून गेले, हे मान्य केलं की कारण धर्मात शोधावं लागतं. माणूस म्हणून स्वतःकडे बघण्याची नवी नजर त्यांना तिथे मिळाली होती.

धर्म वाचला म्हणजे सगळं कळलं, असंही नाही. गिरण्या, जमीन, शिक्षण, निवडणुका यांच्याशिवायही १९५६ समजत नाही. आणि धर्म वाचायचा तो भक्ताच्या किंवा द्वेष्ट्याच्या डोळ्यांनी नव्हे. या लोकांना यात काय दिसलं, असं विचारत वाचायचा. हाच प्रश्न नागपुरात ताजबागलाही विचारता येईल, मिशनऱ्यांच्या नावाच्या हिस्लॉप कॉलेजलाही आणि रामटेकच्या गडालाही.

दीक्षाभूमीवर जाल तेव्हा दोन गोष्टी नीट बघा. तिथला बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधपूरहून आलेल्या रोपाचा आहे. अनुराधपूरचं झाड अशोकाच्या मुलीने, संघमित्रेने, बोधगयेच्या फांदीपासून लावलं असं तिथली परंपरा सांगते. भारतातून गेलेलं झाड परत आलं आहे. दुसरी गोष्ट स्तूप. सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची. दीक्षाभूमीचा घुमट सांचीची आठवण देतो, पण आतून पोकळ आहे. दार उघडं असतं, आणि कुणीही सरळ आत जाऊन बसू शकतं.