हौदांच्या वाटेनं पुणे

पुण्याच्या पेठांमध्ये पत्ता विचारला की अजूनही हौदांची नावं कानावर पडतात: काळा हौद, बदामी हौद, पंचहौद. साततोटी चौकातली ‘तोटी’ही पाण्याचीच. मी याच पेठांमध्ये वाढले, पण ही नावं मला रिक्षावाल्याला सांगण्यापुरतीच ठाऊक होती. ती एकमेकांशी जोडलेली आहेत हे कळलं रविवार सकाळच्या फेऱ्यांमध्ये. अशा फेऱ्या परिसरातलीच हौशी माणसं काढतात. एक पैसा न घेता ती पंधरा-वीस जणांना गल्लीबोळांतून हिंडवतात.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधला गेला आणि तिथलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात आलं. पंप नाही, वीज नाही, सगळा खेळ उताराचा. नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत मनोऱ्यासारखे उच्छ्वास उभारले होते. हे पाणी शनिवारवाड्यात जाई आणि पेठांमधल्या हौदांतही.

फेरीतले आम्ही इंजिनिअर मंडळी इथपर्यंत भलतेच खूश असतो. पण कुठल्याही यंत्रणेबद्दल आमच्या कामात आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: अ‍ॅक्सेस कुणाला? पुण्यात त्याचं उत्तर जात ठरवत होती. अस्पृश्य मानलेल्या माणसांना सार्वजनिक पाणवठ्याला हात लावायची बंदी होती.

म्हणूनच गंज पेठेतला, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेतला, फुले वाडा या फेरीत असायलाच हवा. १८६८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह व्हायला तेव्हा अजून ५९ वर्षं होती.

तिथून जवळच, गुरुवार पेठेत, पंचहौद मिशन आहे. १८९० साली इथे मिशनऱ्यांनी दिलेला चहा घेतला म्हणून टिळक आणि रानड्यांसह अनेकांवर धर्म बुडवल्याचा आरोप झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. कपभर चहासाठी एवढा गदारोळ करणाऱ्या शहरात, त्याच्या २२ वर्षं आधी, घरचा हौद उघडणं किती धाडसाचं असेल, हे या दोन जागांमधलं अंतर चालताना नीट समजतं.

पाठ्यपुस्तकात कात्रजचा नळ, फुल्यांचा हौद आणि पंचहौदचा चहा वेगवेगळ्या धड्यांत येतात. रस्त्यावर ते एकाच सकाळच्या चालण्यात येतात. पण ते येतात का, हे फेरी काढणारा कुठे थांबतो यावर ठरतं. वाडे, देवळं आणि मिसळ एवढ्यावर फेरी संपली, तर पाणी शहरात कसं आलं तेवढंच आपल्याला कळतं.

तुमच्या भागात अशी फेरी निघत असेल, तर नक्की जा. आणि जुना हौद, विहीर किंवा आड दिसला की विचारा: इथलं पाणी कोण भरायचं, आणि कोणाला भरू देत नसत?