पडद्यावर न दिसणारा दोन नंबर

युद्धपटातला मशीनगनवाला हिरो तुम्हीही पाहिला असेल. गन कमरेला लावायची, दातओठ खायचे आणि समोरची फौज संपेपर्यंत घोडा दाबून धरायचा. गोळ्या काही संपत नाहीत! बीडच्या थेटरात अशा सीनला आम्ही भरपूर शिट्ट्या मारल्यात. पुढे ब्रेन गनबद्दल वाचलं, तेव्हा साधा हिशेब मांडून पाहिला.

ब्रेन मूळची चेक. ब्रनो शहर आणि इंग्लंडमधलं एनफिल्ड, या दोन नावांतून तिचं नाव झालं. १९३८ पासून ती ब्रिटिश फौजेत आली, मग आपल्याही. वजन साधारण १० किलो. वरच्या बाजूला वाकडं मॅगझिन, त्यात ३० गोळ्या. अडकू नये म्हणून बहुधा २८ च भरत. वेग मिनिटाला ५०० गोळ्यांचा. म्हणजे घोडा दाबून धरला तर चार सेकंदांत खेळ खलास!

म्हणून ही गन दोघांची. एक नंबर नेम धरणार. दोन नंबर शेजारी पालथा पडून मॅगझिन बदलणार, तापलेली नळी बदलणार. सिनेमात नेमका हाच गायब. 'स्टार वॉर्स'मध्ये (१९७७) तर जुनी लुईस गन अवकाशातली बंदूक म्हणून वापरली, तीही वरचं गोल मॅगझिन काढून!

आता ३ नोव्हेंबर १९४७. श्रीनगरजवळचं बडगाम. मेजर सोमनाथ शर्मांचा डावा हात प्लॅस्टरमध्ये. माणसं पडत गेली, लाइट मशीनगनचा मारा मंदावू लागला. तेव्हा ते स्वतः मॅगझिनं भरून गनवाल्यांना देत राहिले. शेजारच्या दारूगोळ्यावर तोफगोळा पडला आणि ते गेले. देशाचं पहिलं परमवीर चक्र त्यांचं. १९८८ मध्ये चेतन आनंद यांनी दूरदर्शनसाठी 'परमवीर चक्र' मालिका केली, त्यामुळे असे वीर घराघरांत पोचले.

त्या नोव्हेंबरात आमचं बीड निजामाच्या राज्यात होतं. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा आल्यावर ते सुटलं.

आमच्या गल्लीत एक माजी सैनिक होते, ब्रेनवरचे दोन नंबर. आपल्याकडे 'दोन नंबर' म्हटलं की काळा धंदाच आठवतो, त्यामुळे पोरं हसायची. किती मारले, असं विचारलं की ते गप्प बसत. खरं तर त्यांना विचारायला हवं होतं, किती मॅगझिनं भरलीत?