चित्र का अडखळतं?

घरातल्या एका संगणकात चित्रपट साठवायचे आणि दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीवर पाहायचे, अशी सोय आता बऱ्याच जणांकडे असते. साठवणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. कधी कधी मात्र चित्र थांबत थांबत चालतं. आपला पहिला संशय तारेवर. पण नवी तार टाकूनही चित्र अडखळतंच. असं का व्हावं? उत्तर शोधायला थोडं मागे जाऊ या.

टीव्हीचं चित्र आकड्यांत कसं मांडायचं, याचं आंतरराष्ट्रीय मानक १९८२ मध्ये ठरलं. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्रात ७२० × ५७६ ठिपके आणि सेकंदाला अशी २५ चित्रं. एका ठिपक्याला सरासरी १६ बिट धरून गुणाकार करा. सेकंदाला जवळजवळ १६ कोटी ६० लाख बिट! त्याच वर्षी बाजारात आलेल्या गाण्यांच्या सीडीतून सेकंदाला सुमारे १४ लाख बिट मिळत. म्हणजे हत्तीला उंदराच्या बिळातून न्यायचं होतं.

वाट आधीच सापडलेली होती. बंगळूरला जन्मलेले नसीर अहमद अमेरिकेत कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवत. १९७२ मध्ये त्यांनी एका कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे पैसे मागितले. ते मिळाले नाहीत. त्यांनी काम सोडलं नाही. जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

कल्पना अशी. चित्रातला ८ × ८ ठिपक्यांचा चौकोन घ्या. शेजारशेजारच्या ठिपक्यांचा उजेड बहुधा सारखाच असतो. मग ६४ ठिपक्यांचे ६४ आकडे सांगण्याऐवजी चौकोनाचा सरासरी उजेड सांगायचा आणि त्यातले चढउतार कोसाइनच्या लाटांनी सांगायचे. पुष्कळ लाटांचे आकडे शून्याजवळ येतात. बारीक लाटांमधली थोडी चूक डोळ्याला कळतही नाही. ते आकडे गाळले तरी चालतं. शिवाय एका चित्रातून पुढच्या चित्रात जे बदललं तेवढंच पाठवायचं.

या दोन युक्त्यांवर पुढची मानकं उभी राहिली. १९९३ च्या एमपेग-१ मुळे लहान आकाराचं चित्र सीडीच्या वेगात बसलं आणि व्हिडिओ सीडी आली. हत्ती बिळातून गेला!

पण फुकट काहीच मिळत नाही. आकुंचित चित्र पुन्हा उलगडायला गणित करावं लागतं, आणि एका सेकंदाचं चित्र एका सेकंदाच्या आत उलगडावं लागतं. त्या काळच्या पुष्कळ घरगुती संगणकांना ते झेपेना. त्यासाठी वेगळं कार्ड बसवावं लागे. २००३ चं एच.२६४ आणि २०१३ चं एच.२६५ यांनी लागणारे बिट आणखी कमी केले, पण गणित वाढवलं. तारेवरचा भार संगणकाच्या डोक्यावर गेला.

आता घरी परत येऊ. टीव्हीला एखादं मानक कळत नसेल, तर सर्व्हर चित्र उलगडतो आणि टीव्हीला कळेल अशा मानकात पुन्हा आकुंचित करतो. उलगडण्यापेक्षा आकुंचनाला कितीतरी जास्त गणित लागतं. छोटा सर्व्हर तिथे दमतो.

दोष कुठे आहे, हे साध्या भागाकारानं तपासता येतं. ४ गिगाबाइटचा चित्रपट दोन तासांचा असेल, तर सेकंदाला सरासरी साडेचार मेगाबिटही लागत नाहीत. तीच फाइल सर्व्हरवरून त्याच तारेनं दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहा. दहा मिनिटांत उतरली, तर तार आणि डिस्क दोन्ही निर्दोष आहेत. मग चित्रपट टीव्हीला कळणाऱ्या मानकात आधीच, सवडीनं बदलून ठेवा. रात्रभर लागली तरी बिघडत नाही, कारण तेव्हा समोर कुणी चित्राची वाट पाहत बसलेलं नसतं.

हा भागाकार वर्गात मुलांकडूनही करून घ्या. संशय आणि तपासणी यांतला फरक त्यातून छान कळतो.