फिरलेले देऊळ : औंढा नागनाथ आणि मूळ रूपाचा प्रश्न

१

जुन्या वास्तूची दर्शनी बाजू राखून तिच्या आतील वा वरील बांधणी नव्याने करणे, ही केवळ आधुनिक नगरांची युक्ती नव्हे. पाश्चात्त्य वास्तुविचारात या प्रकाराकडे बहुधा संशयाने पाहिले जाते; चेहरा जुना आणि देह नवा असल्याने वास्तू पाहणाऱ्याची फसवणूक करते, असा आक्षेप घेतला जातो. या आक्षेपामागे एक गृहीत आहे. वास्तूला एकच मूळ रूप असते आणि त्यानंतरचा प्रत्येक फेरफार हा त्या रूपापासूनचा ढळ असतो, हे ते गृहीत. संहिताचिकित्सेतही हेच गृहीत दीर्घकाळ वावरत आले आहे. मूळ पाठ शुद्ध आणि नंतरची भर प्रक्षिप्त, अशी विभागणी मराठी संतसाहित्याच्या अभ्यासात रूढ आहे. ही विभागणी कितपत पुरेशी आहे, याची परीक्षा औंढा नागनाथाच्या देवळावर करता येते. कारण तेथे वास्तू आणि संहिता हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

औंढा आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला; तोपर्यंत हे क्षेत्र परभणी जिल्ह्याचा भाग होते. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ज्या गावाचा दावा केला जातो ती नर्सी आणि जनाबाईंचे गंगाखेड ही दोन्ही स्थळे याच जुन्या परभणी जिल्ह्यातील. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांची गाठ औंढ्याला पडली, असे परंपरा सांगते. मराठी संतपरंपरेचा एक मोठा पट या परिसरात उलगडतो, आणि त्याच्या मध्यभागी एक अर्धे जुने, अर्धे नवे देऊळ उभे आहे.

२

देवळाचा खालचा भाग यादवकालीन शैलीचा आहे. काळ्या पाषाणाच्या भिंतींवर देवदेवता, सुरसुंदरी आणि पशूंच्या रांगा कोरलेल्या आहेत. गर्भगृह जमिनीच्या पातळीखाली असून अरुंद पायऱ्या उतरून तेथे जावे लागते. या शिल्पसमृद्ध भिंतींच्या वर मात्र विटा आणि चुन्याचे, गिलावा केलेले शिखर आहे. खालच्या दगडाशी त्याचे ना द्रव्य जुळते, ना अलंकरण. हा सांधा झाकण्याचा प्रयत्नही कोणी केलेला दिसत नाही. मूळ शिखर औरंगजेबाच्या फौजेने पाडले आणि अहिल्याबाई होळकरांनी देऊळ पुन्हा उभे केले, असे स्थानिक परंपरा मानते. अहिल्याबाईंचा कारभार १७६७ ते १७९५ असा आहे आणि शिखराची घडण उत्तर मराठा काळाशी विसंगत नाही. परंतु परंपरेतील नावे आणि वास्तूची साक्ष या दोन वेगळ्या कोटी आहेत, हे भान ठेवावे लागते.

'हेमाडपंती' हे विशेषणही असेच तपासून घ्यावे लागते. चुना न वापरता, घडीव दगड एकमेकांत अडकवून उभारलेल्या देवळांना सरसकट हे नाव दिले जाते आणि त्याचा संबंध यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याशी जोडला जातो. प्रत्यक्षात ही बांधणी हेमाद्रीच्या आधीची आहे. १०६० मध्ये पूर्ण झालेले अंबरनाथचे शिवालय त्याच्या किमान दोन शतके अगोदर उभे होते. म्हणजे शैलीचे नाव हीदेखील नंतर चढवलेली एक दर्शनी बाजूच आहे.

वसाहतकालीन पुरातत्त्वाची नजर अशा वास्तूंच्या खालच्या भागावरच खिळली. जॉन मार्शल यांच्या १९२३ च्या संवर्धनविषयक नियमपुस्तिकेने नवनिर्मितीपेक्षा जतनाला प्राधान्य दिले. निझामाच्या राज्यात १९१४ मध्ये स्थापन झालेले पुरातत्त्व खातेही याच विचारविश्वात काम करीत होते. या दृष्टीला विटांचे शिखर हे विद्रूपीकरण वाटावे, हे स्वाभाविकच. परंतु 'जीर्णोद्धार' या देशी संकल्पनेचा भर निराळा आहे. जे जीर्ण झाले त्याचा उद्धार करायचा, एवढेच ती सांगते. ते पूर्वीच्याच आकारात उभे राहिले पाहिजे, अशी तिची अट नाही. तिच्या लेखी देऊळ अखंड राहते ते पूजेच्या सातत्याने. पुण्याचा शनिवारवाडा येथे तुलनेस उपयोगी पडतो. १८२८ च्या आगीनंतर त्याचा तट आणि दरवाजे उरले, आतला वाडा मात्र पुन्हा उभा राहिला नाही. तेथे दर्शनी बाजू आहे, पण तिच्यामागे चालू असलेले जीवन नाही. औंढ्यात याच्या उलट घडले. आकार बदलला, व्यवहार टिकला.

३

या वास्तूला आणखी एक वळण आहे, आणि ते दगडात नसून कथेत आहे. नामदेव देवळासमोर कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांना तेथून उठवले. ते मागील बाजूस जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच फिरले आणि त्याचे तोंड नामदेवांकडे झाले. महिपतींनी अठराव्या शतकात 'भक्तविजया'त ही कथा सांगितली. देऊळ पश्चिमाभिमुख आहे आणि नंदी मागील बाजूस आहे, याकडे भाविक आजही कथेचा पुरावा म्हणून बोट दाखवतात.

वास्तुशास्त्राच्या दृष्टीने हा पुरावा टिकत नाही. शिवालय पश्चिमाभिमुख असणे ही विसंगती नव्हे. अंबरनाथचे देऊळही पश्चिमाभिमुखच आहे. नंदीचे स्थान पुनर्बांधणीत बदलले असणे शक्य आहे. परंतु कथा खोटी ठरवून येथे थांबणारी चिकित्सा अपुरी राहते. १६०४ मध्ये संपादित झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांच्या नावावर ६१ पदे आहेत आणि देऊळ फिरल्याचा प्रसंग त्यांतही येतो. तेथे औंढ्याचे नाव नाही. कथेचे मर्म मात्र तेथे अधिक उघड आहे : हीन जातीचा म्हणून भक्ताला उठवले जाते, आणि देऊळ आपली पाठ पंडितांकडे करते. यावरून असे अनुमान करता येते की कथा आधी स्थलनिरपेक्ष होती, आणि मागे नंदी असलेली ही वास्तू तिला पुढे आधार म्हणून सापडली. फेरफार झालेल्या देवळाचे लोकांनी केलेले हे वाचन आहे. वास्तूतील एका बांधकामविषयक तपशिलाला त्यांनी सामाजिक निवाड्याचा अर्थ दिला. पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, हे बांधणाऱ्याने नव्हे तर गाणाऱ्याने ठरवले.

४

नामदेवांच्या संहितेची घडण या देवळासारखीच आहे. १९७० च्या शासकीय गाथेत नामदेवांच्या नावाखाली जे अभंग एकत्र आले, त्यांत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा आणि इतर 'नामा' मिसळले असल्याची चर्चा जुनी आहे. जनाबाईंचे अभंगही प्रामुख्याने याच गाथेच्या आश्रयाने टिकले. नाममुद्रा ही येथे दर्शनी भिंत आहे; तिच्या आत निरनिराळ्या काळांतील हातांनी बांधकाम केले आहे. क्रिश्चन ली नोव्हेत्झ्के यांनी २००८ मध्ये या प्रक्रियेला सार्वजनिक स्मृतीचे रूप मानले, तेव्हा प्रक्षेपाचा प्रश्न दोषारोपाच्या कक्षेतून बाहेर आला.

या संदर्भात 'ज्ञानेश्वरी'चे उदाहरण वेगळ्या टोकाचे आहे. १२९० मधील या ग्रंथाची संहिता पाठभेदांनी बिघडली म्हणून एकनाथांनी १५८४ मध्ये ती शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये, असा इशाराही दिला. हा जीर्णोद्धार होता, पण यापुढील जीर्णोद्धाराला मनाई करणारा. १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून वेगळी संहिता प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी या डागडुजीमागील मूळ भिंत शोधण्याचाच यत्न केला. ग्रंथाला एक कर्ता आणि एक शके आहे, म्हणून तेथे हा शोध सार्थ ठरतो. नामदेव गाथेला तो जसाच्या तसा लावला, तर जे गळून पडते त्यात शतकानुशतके 'नामा' म्हणून गाणाऱ्यांचा आवाजही असतो.

म्हणून मूळ आणि भर यांचा भेद टाकून द्यावयाचा नाही. कालनिश्चितीसाठी तो अनिवार्यच आहे. पण कालनिश्चिती म्हणजे मूल्यनिश्चिती नव्हे. औंढ्याचे देऊळ उद्या यादवकालीन नकाशाबरहुकूम 'पूर्ववत' करावयाचे ठरले, तर विटांचे शिखर जाईल, नंदी समोर येईल आणि वास्तू शैलीदृष्ट्या निर्दोष होईल. मात्र ज्या बाजूस उभे राहून नामदेवांनी गायिले असे लोक मानतात, ती बाजू पुन्हा केवळ देवळाची पाठ उरेल.