गौण आणि प्रमुख : निमरॉड विमानातील फेरबदल व उड्डाणयोग्यतेची कसोटी

विमानाचा आराखडा संमत झाला म्हणजे त्याचा इतिहास संपला, असा समज असतो. लष्करी विमानांच्या बाबतीत तर तो इतिहास तेथूनच सुरू होतो. अशी विमाने तीस-चाळीस वर्षे सेवेत राहतात आणि त्या अवधीत त्यांची शस्त्रे, उपकरणे, किंबहुना त्यांचे कार्यच बदलत जाते. अशा प्रत्येक फेरबदलाच्या वेळी एक प्रश्न प्रथम सोडवावा लागतो : हा फेरबदल गौण मानावयाचा की प्रमुख? गौण ठरलेल्या फेरबदलाला सामान्यतः मान्यताप्राप्त आराखडा-संस्था स्वतःच्या अधिकारात संमती देऊ शकते. प्रमुख ठरलेला फेरबदल मात्र नियामक अधिकाऱ्यांपुढे जातो आणि त्यासाठी विश्लेषण, चाचण्या व पुरावे सादर करावे लागतात. वरवर पाहता हे वर्गीकरण कचेरीतील एक उपचार वाटते. तो उपचार नव्हे, हे ब्रिटनच्या निमरॉड विमानाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

वर्गीकरणाची आजची कसोटी नागरी विमानवाहतुकीच्या नियमांतून आली आहे. विमानाचे वजन, तोल, सांगाड्याचे बळ, विश्वसनीयता, वापराची वैशिष्ट्ये आणि उड्डाणयोग्यतेशी संबंधित अन्य गुण यांवर ज्याचा जाणवण्याजोगा परिणाम होत नाही तो फेरबदल गौण. बाकीचे सर्व प्रमुख. या व्याख्येत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक तर, प्रमुखत्वाची व्याख्या येथे स्वतंत्रपणे केलेली नाही. गौणत्वच सिद्ध करावे लागते आणि ते सिद्ध न झाल्यास फेरबदल आपोआप प्रमुख ठरतो. दुसरे असे की, बसवलेल्या भागाचा आकार, त्याचा खर्च किंवा कामाची निकड यांचा उल्लेखही व्याख्येत नाही. परिणाम हीच एकमेव कसोटी होय. तथापि हा परिणाम कशाच्या तुलनेत मोजावयाचा, हा प्रश्न व्याख्येच्या शब्दांतून सहजी सुटत नाही. आणि निमरॉडच्या इतिहासाचे मर्म नेमके येथेच आहे.

लष्करी विमानांची गोष्ट आणखी एका कारणाने निराळी होती. १९४४ च्या शिकागो कराराने आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीचे नियम घातले. परंतु त्याच्या तिसऱ्या कलमान्वये लष्करी विमाने त्या नियमांच्या कक्षेबाहेर राहिली. त्यामुळे प्रत्येक राष्ट्राने आपल्या लष्करी विमानांची उड्डाणयोग्यता स्वतःच ठरवावी, अशी परिस्थिती निर्माण झाली. विमानाचा मालक, त्याचा वापर करणारा आणि त्याला प्रमाणपत्र देणारा एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली असत.

निमरॉड हे सागरी टेहळणीचे विमान कॉमेट या प्रवासी विमानाच्या सांगाड्यावर रचले होते. त्याच्या नमुन्याने २३ मे १९६७ रोजी पहिले उड्डाण केले आणि २ ऑक्टोबर १९६९ रोजी पहिले विमान ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले. त्या विमानाचा क्रमांक एक्सव्ही २३० असा होता. टेहळणीच्या वेळी इंधन वाचवण्यासाठी चारपैकी काही एंजिने बंद ठेवण्याची सोय त्यात होती. एका एंजिनातून काढलेली तप्त हवा दुसऱ्याकडे नेऊन ते सुरू करता यावे, यासाठी एंजिनांना जोडणारी एक नळी मूळ आराखड्यातच होती. ही नळी पंखाच्या मुळाशी, इंधनाच्या सातव्या टाकीलगतच्या कोरड्या कप्प्यातून जात असे. एंजिन सुरू करण्यापुरताच तिचा उपयोग होता, तोवर ती थोडाच वेळ तप्त राही.

१९७९ पासून निमरॉडची सुधारित आवृत्ती सेवेत येऊ लागली. तिच्यातील वाढीव इलेक्ट्रॉनिक उपकरणांना थंड ठेवण्यासाठी एक अतिरिक्त शीतन-संच बसवण्यात आला आणि त्याला लागणारी हवा त्याच नळीच्या जाळ्यातून घेण्यात आली. फेरबदल दिसावयास शीतनापुरताच होता; पण त्यामुळे पूर्वी अल्पकाळ तापणारी नळी आता उड्डाणात दीर्घकाळ तप्त राहू लागली. म्हणजे जुन्या भागाला हात न लावताही त्याचे कार्य बदलले.

यानंतर १९८२ मध्ये फॉकलंडचे युद्ध उद्भवले. असेन्शन बेटापासून फॉकलंड बेटे सुमारे सहा हजार किलोमीटर दूर होती. तेवढा पल्ला गाठण्यासाठी निमरॉडमध्ये हवेतल्या हवेत इंधन भरून घेण्याची योजना तातडीने बसवण्यात आली. युद्धाच्या निकडीत केलेले हे काम प्रशंसनीयच होते. परंतु युद्ध संपल्यावरही ही योजना विमानात राहिली आणि १९८९ मध्ये तिला कायम फेरबदलाचे स्वरूप मिळाले. आता उड्डाणात मोठ्या वेगाने इंधन आत येऊ लागले, आणि टाकी प्रमाणाबाहेर भरल्यास तिच्या झडपेतून इंधन बाहेर सांडण्याचा संभव निर्माण झाला.

तप्त नळी एका फेरबदलाने धोकादायक झाली होती. तिच्याजवळ इंधन पोहोचण्याची वाट दुसऱ्या फेरबदलाने मोकळी केली. प्रत्येक फेरबदल स्वतंत्रपणे पाहिला असता त्यातील धोका दिसत नव्हता. २ सप्टेंबर २००६ रोजी अफगाणिस्तानात कंदाहारजवळ एक्सव्ही २३० या विमानाने हवेत इंधन भरून घेतले. त्यानंतर थोड्याच वेळात त्यात आग लागली आणि काही मिनिटांतच विमान नष्ट होऊन त्यातील सर्व चौदा जण मृत्युमुखी पडले. बाहेर पडलेले इंधन त्या कोरड्या कप्प्यात तप्त नळीच्या संपर्कात आले असावे, असा चौकशीचा निष्कर्ष होता. त्या कप्प्यात आगीची सूचना देणारी वा आग विझवणारी कोणतीही योजना नव्हती.

दुर्घटनेपूर्वी हे उमगण्याची संधी आली नव्हती असे नाही. २००१ ते २००५ या काळात निमरॉडच्या सुरक्षिततेचा सर्वांगीण आढावा घेण्यात आला होता. चार्ल्स हॅडन-केव्ह यांनी २८ ऑक्टोबर २००९ रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालात या आढाव्यावर कठोर टीका आहे. त्यातील चाळीस टक्क्यांहून अधिक धोके अनिर्णीत व तीस टक्क्यांहून अधिक अवर्गीकृत राहिले होते. तीस वर्षे उडत आलेले विमान सुरक्षितच असणार, हा गृहीत धरलेला निष्कर्ष त्या कामाच्या मुळाशी होता. परंतु २००६ सालचे विमान तीस वर्षांपूर्वीचे राहिलेच नव्हते; क्रमांक तेवढा तोच होता.

या अहवालानंतर ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०१० रोजी लष्करी विमानांसाठी स्वतंत्र नियामक प्राधिकरण स्थापन झाले. युरोपातील राष्ट्रांनीही २००८ पासून नागरी नियमांच्या धर्तीवर समान लष्करी नियम तयार करण्याचा उपक्रम हाती घेतला आणि गौण-प्रमुख हे वर्गीकरण लष्करी व्यवहारात रूढ झाले.

भारतात लष्करी उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणनासाठी १९९५ मध्ये बंगलोर येथे सेमिलॅक ही संस्था स्थापन झाली. तिच्या अखत्यारीतील एका फेरबदलाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. सुखोई-३० जातीच्या विमानावर सुमारे अडीच टनांचे ब्रह्मोस क्षेपणास्त्र बसवण्यासाठी नाशिकजवळील ओझरच्या कारखान्यात त्याचा सांगाडा बळकट करण्यात आला. फेरबदल केलेल्या विमानाने क्षेपणास्त्रासह २५ जून २०१६ रोजी तेथून उड्डाण केले आणि २२ नोव्हेंबर २०१७ रोजी त्यावरून क्षेपणास्त्र प्रथमच डागण्यात आले. असा फेरबदल प्रमुख आहे, याविषयी कोणालाही संदेह वाटण्याचे कारण नाही. वजन, तोल आणि बळ या तिन्ही कसोट्यांवर तो उघडच प्रमुख ठरतो. वर्गीकरणाची खरी परीक्षा अशा फेरबदलांत होत नाही. ती होते शीतन-संचासारख्या, कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या फेरबदलांत.

निमरॉडच्या इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, फेरबदलाचा परिणाम मूळ आराखड्याशी नव्हे, तर आजवरच्या सर्व फेरबदलांसह प्रत्यक्ष उभ्या असलेल्या विमानाशी ताडून पाहिला पाहिजे. दुसरा असा की, तातडीने केलेला फेरबदल कायम करावयाचा झाल्यास तो नवाच समजून त्याचे वर्गीकरण पुन्हा केले पाहिजे. कारण युद्धात पत्करलेली जोखीम शांततेच्या काळात आपोआप समर्थनीय ठरत नाही. निमरॉडची ही टेहळणी आवृत्ती मार्च २०१० मध्ये सेवेतून निवृत्त झाली. तिच्यापुरता हा प्रश्न तेथे मिटला. मात्र जुन्या सांगाड्यावर नवे भाग चढवणाऱ्या प्रत्येक हवाई दलापुढे तो कायमच राहणार आहे.