शेलची फुगवण आणि जर्मन रसायनशास्त्र

खोल विहीर पाडताना छिद्रातून सतत फिरवल्या जाणाऱ्या द्रवाला वेधनद्रव म्हणतात. तो खडक कापणारे टोक, म्हणजे बिट, थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर आणतो आणि स्वतःच्या वजनाने छिद्राची भिंत सावरून धरतो. मात्र हा द्रव पाण्याचा असेल आणि वाटेत शेल, म्हणजे चिकणमातीच्या सूक्ष्म कणांचा दाबाने घट्ट झालेला पापुद्र्यांचा खडक लागला, तर तेच पाणी भिंतीत शिरते, भिंत फुगून ढासळते आणि नळ्या आत अडकतात. पाण्यात निरोधक रसायने मिसळून ही फुगवण रोखण्याची विद्या विसाव्या शतकात तेलक्षेत्रांत रुजली. परंतु तिचे मुख्य द्रव्य आणि तिच्यामागचा कार्यकारणभाव या दोहोंची मुळे जर्मनीत सापडतात, आणि त्या दोन मुळांमध्ये सुमारे सत्तर वर्षांचे अंतर आहे.

प्रशियाच्या सरकारने 1839 मध्ये श्टासफुर्ट येथे सैंधवासाठी वेधन सुरू केले, तेव्हा सैंधवाच्या वर पोटॅशियम व मॅग्नेशियमयुक्त कडू क्षारांचे थर लागले आणि ते निरुपयोगी म्हणून बाजूला टाकले गेले. आडोल्फ फ्रांक या रसायनशास्त्रज्ञाने 1861 मध्ये तेथेच कारखाना काढून या क्षारांपासून पोटॅशचे खत बनवले. पुढे पोटॅशच्या शोधात वेधने वाढली, तेव्हा साध्या पाण्यात क्षारांचा नमुनाच विरघळून जातो हे ध्यानात आले आणि मॅग्नेशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण वापरले जाऊ लागले. येथे प्रश्न फुगण्याचा नसून विरघळण्याचा होता. तरीही खडक पाहून पाण्याची घडण ठरवावी, हा निरोधनाचा गाभा या कामात स्पष्ट दिसतो.

माती का फुगते, याचे उत्तर 1933 मध्ये बर्लिनमध्ये मिळाले. उलरिख होफमान, कुर्ड एन्डेल आणि डीडरिख विल्म यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने माँटमोरिलोनाइट या मृद्खनिजाची रचना तपासली आणि पाणी त्याच्या स्फटिकातील थरांच्या मधोमध शिरून थरांना एकाच दिशेने दूर सारते, हे दाखवून दिले. कोरड्या अवस्थेत सुमारे 10 अँगस्ट्रॉम असलेले थरांतील अंतर पाण्याचा एक पदर शिरल्यावर सुमारे 12.5 आणि दुसरा शिरल्यावर सुमारे 15 होते. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तीही मुख्यतः याच जातीच्या खनिजांमुळे. या इतिहासातील सर्वांत मोलाचे पाऊल हेच मानावे लागते, कारण तोवर केवळ अनुभवावर चाललेल्या उपायांना त्याने कारणाचा आधार दिला.

फुगवण किती होईल हे थरांमध्ये बसलेल्या आयनांवर, म्हणजे विद्युतभारित कणांवर, अवलंबून असते. सोडियमभोवती पाणी गोळा होऊन थर दूर जातात. पोटॅशियम पाण्याला सैल धरतो आणि त्याचा आकार थराच्या पृष्ठभागावरील षटकोनी खळग्यात नेमका बसत असल्याने थर जवळ बांधले जातात. एकाच ज्ञानाचा हा दुहेरी उपयोग विलक्षण आहे: बव्हेरियात लांड्सहूट-मूसबुर्ग परिसरातील कॅल्शियमयुक्त बेंटोनाइट, म्हणजे मुख्यतः माँटमोरिलोनाइटची माती, सोड्याने सोडियमयुक्त करून ती अधिक फुगेल, म्हणजेच वेधनद्रवाला दाटपणा देईल, असे केले जाते, उलट विहिरीच्या भिंतीतील तशीच माती फुगू नये म्हणून पाण्यात पोटॅशियम क्लोराइड घालतात. श्टासफुर्टला बाजूला टाकलेल्या क्षारांतले हेच संयुग 1970 च्या दशकात पॉलिॲक्रिलामाइडसारख्या, कणांवर आवरण धरणाऱ्या बहुवारिकांच्या जोडीने शेलवरचा प्रमुख उपाय ठरले.

आयन बदलल्याने फुगवण घटते, पण पाण्याचा शिरकाव पूर्णपणे थांबत नाही. सूक्ष्म भेगांतून द्रवाचा दाब आत पोहोचत राहिला, तर न फुगणारा शेलही कालांतराने तुटतो. म्हणून भेगाच बुजवणारी सिलिकेटे महत्त्वाची ठरली. योहान नेपोमुक फॉन फुक्स या लांड्सहूटमध्ये अध्यापन केलेल्या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात शोधलेली जलकाच, म्हणजे पाण्यात विरघळणारे अल्कधर्मी सिलिकेट, शेलमधील कमी अल्कधर्मी पाण्याला आणि त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमला भेटताच घट्ट होऊन छिद्रे बंद करते. अमेरिकेत 1930 च्या दशकात वापरून मागे पडलेला हा उपाय 1990 च्या दशकात पुन्हा पुढे आला. बहुतेक विहिरींत त्याच्याबरोबर पोटॅशियमचा क्षारही घातला जातो.