सवड कुणाच्या वाट्याला? पाटोद्यातून पाहिलेला फुरसतीचा इतिहास

मंडळी, आजचा विषय आहे फुरसत, करमणूक आणि उपयोजित मानसशास्त्र. परदेशांतल्या काही विद्यापीठांत फुरसत आणि करमणूक या विषयांत पदवी घेता येते. आपल्याकडे हे सांगितलं की लगेच प्रश्न येतो, "रिकामा वेळ कसा घालवायचा हे काय कॉलेजात जाऊन शिकायचं?" हा प्रश्न आपण हसण्यावारी नेऊ नये. पाटोद्यासारख्या तालुक्यात त्यामागे मोठा इतिहास आहे.

आपल्या भाषेतला 'फड' हा शब्द घ्या. कुस्तीचा फड, तमाशाचा फड, आणि ऊस तोडायचा तोही फडच. करमणूक आणि कष्ट एकाच शब्दात नांदतात. शेतीवर जगणाऱ्या गावात ते जवळजवळच होते. पोळ्याला बैलांच्या खांद्याला विश्रांती, अनेक गावांत अमावस्येला औत बंद, आठवडी बाजार, जत्रा, सप्ताह. सुट्टी मागावी लागत नव्हती, ती पंचांगात होती. अर्थात हेही बघा, पोळ्याच्या पुरणपोळ्या लाटणारीला त्या दिवशी जास्तच काम असे.

गिरणी आली आणि पंचांग मागे पडलं. मुंबईच्या गिरणी कामगाराला हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी केली. दिवसाचे कामाचे तास, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि रविवारची सुट्टी या मागण्या पुढे आल्या. रविवार हा कित्येक कामगारांच्या कुलदैवताचा, खंडोबाचा वार. अखेर १० जून १८९० रोजी मालकांनी ती सुट्टी मान्य केली. म्हणजे आपण ज्याला सहज 'संडे' म्हणतो, त्यासाठी कामगारांना सहा वर्षं झगडावं लागलं.

हा रविवार बालाघाटावर पोचला का? इथून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रक रात्री आला तर मोळ्या रात्री भरायच्या. एक दिवस काम चुकलं तर त्याला म्हणतात 'खाडा', आणि खाड्याचे पैसे कापले जातात. लोखंड्यांनी ज्याला सुट्टी म्हटलं, त्याला इथे दंड आहे. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, हे कारण त्या चर्चेत वारंवार पुढे आलं. विश्रांती नाकारल्याची किंमत शरीराने मोजली, ती अशी.

मग फड संपल्यावर, किंवा दुष्काळात काम नसताना, जो वेळ मिळतो ती फुरसत म्हणायची का? इथे मानसशास्त्र उपयोगी पडतं. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएंथाल नावाचं गिरणीगाव होतं. गिरणी बंद पडली, जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल यांनी तिथे अभ्यास केला, तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाटेल की लोकांनी आता भरपूर वाचलं असेल. उलट झालं. वाचनालयाची वर्गणी माफ झाली तरी पुस्तकं कमी जाऊ लागली. अभ्यासकांनी घड्याळ लावून चाल मोजली, तर पुरुष रेंगाळत चालत होते आणि बायका भराभर. बायकांची पगाराची नोकरी गेली होती, घरकाम गेलं नव्हतं. लादलेला रिकामपणा आणि सवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून नीट दिसलं. पाराखाली दिवसभर बसलेल्या तरुण पोराला 'मजेत आहे' म्हणण्याआधी हे आठवावं.

आपल्या देशाचं चित्रही फार वेगळं नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात गेलेली दिसतात, पुरुषांची ९७.

मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग १९५९ मध्ये सुरू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५८ मध्ये, औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं आणि आपल्या भागातल्या पोरांना पदवी जवळ आली. आज कोयत्यावर गेलेल्या आई-बापांची मुलं मानसशास्त्र शिकायला येतात. फुरसतीचा अभ्यास त्यांच्याकडून व्हायला हवा, कारण ती नसते म्हणजे काय हे त्यांनी घरात पाहिलं आहे.

सुरुवातीला फार काही लागत नाही. एक वही घ्या. घरात कोण किती वाजता उठलं, कोण कधी टेकलं, कुणी दिवसभरात आपल्या मर्जीने काय केलं, हे आठवडाभर लिहा. फडावर एक आठवडा, गावी परतल्यावर एक. आईचं पान वेगळं ठेवा. अशा शंभर वह्या जमल्या की खाड्याच्या प्रश्नावर बोलताना आपल्या हातात पुरावा असेल.

आता आपण प्रश्नोत्तरांकडे वळू.